म्हणी पैशाच्या, कसोटी धम्माची

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त कुंभारी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही बोलायला उभे आहोत. विषय काय घेणार, असे कार्यकर्त्यांनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, पैशाच्या म्हणी आणि पैशाचे विनोद. त्यावर एक तरुण कार्यकर्ता पटकन म्हणाला, "सर, वर्धापनदिनाला पैशाचं नाव काढू नका, लोकांना वाटंल वर्गणीच मागायला उभे राहिलेत!" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण बघा, पैशाचे नाव निघाले की माणूस आधी हसतो आणि मग खिसा चाचपतो. आज त्या हसण्याबद्दलच थोडे बोलायचे आहे.

विहारात पैशाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. भगवंतांनी भिक्खूंना सोन्यारुप्यापासून दूर राहायला सांगितले, पण गृहस्थाला पैसा वाईट आहे असे कधी सांगितले नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात त्यांनी तरुण सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. अंगुत्तरनिकायात गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. जवळ असण्याचे सुख, उपभोगाचे सुख, निर्दोष जगण्याचे सुख आणि अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसण्याचे सुख. विनयाच्या नियमाप्रमाणे कर्जदार माणसाला कर्ज फेडल्याशिवाय प्रव्रज्याही मिळत नव्हती. तेव्हा पैशावर बोलणे हे धम्माच्या बाहेरचे काम नाही.

आता म्हणींकडे वळू. त्या आल्या कुठून? आमच्या मते बहुतेक म्हणी सराफाच्या पेढीवर, धान्याच्या अडतीत आणि सावकाराच्या ओसरीवर जन्मल्या.

आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. "घराण्याच्या नावाला बट्टा लागला" असे आपण म्हणतो. हा बट्टा म्हणजे नाणे बदलून घेताना सराफ जी घट कापायचा ती. पूर्वी एकाच देशात तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालत. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया केला, पण संस्थानांची नाणी चालूच राहिली. तुळजापूर, नळदुर्ग हा आपल्या शेजारचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिकडे हाली सिक्का आणि इकडे इंग्रजी कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव होता. त्या हद्दीवर बाजार करणाऱ्याला बट्टा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होते. तीच गोष्ट खणखणीत नाण्याची. दगडावर आपटून आवाज ऐकायचा, बद्द वाजले की नाणे खोटे. आज आपण माणसाविषयी म्हणतो, "नाणं खणखणीत आहे."

"पाचावर धारण बसली" हा शब्दप्रयोग घ्या. आपण तो घाबरगुंडी उडाली या अर्थाने वापरतो. पण धारण म्हणजे धान्याचा चालू भाव. रुपयाला किती मापे धान्य मिळते यावर पूर्वी महागाई मोजायचे. मापे घटत घटत पाचावर आली की रोजंदारीच्या माणसाची छाती धडधडायची, असा या शब्दांचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे या शब्दांत दुष्काळाची भीती आहे. सोलापूर जिल्ह्याला 1876 चा आणि 1972 चा दुष्काळ सांगायला नको.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. 1923 साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातले म्हणणे सोपे करून सांगायचे तर असे, की रुपयाच्या बदल्यात बाजारात किती वस्तू येते, ती खरेदीची ताकद स्थिर राहिली तरच रुपया स्थिर. ती ढासळली की मजुरीवर जगणारा आधी भरडला जातो. धारण पाचावर आल्यावर आमची आजी-पणजी जे भोगत होती, त्याचे शास्त्र तिच्याच समाजातल्या एका मुलाने जगापुढे मांडले.

आता विनोद बघा. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा हिशेब गेला. 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून बाद झाले. चार आणे गेले, पण मसाला अजून बारा आण्यांचाच! "खिशात नाही आणा अन् मला बाजीराव म्हणा" हेही तसेच. "चारसोबीस" हा शब्द 1860 च्या भारतीय दंड संहितेतून आला, फसवणुकीचे कलम 420. राज कपूरच्या 1955 च्या सिनेमाने तो घरोघरी नेला. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला आणि फसवणुकीचे कलम 318 झाले. पण कुणी कुणाला "तीनशे अठरा" म्हणत नाही. कायदा बदलला तरी तोंडातला शब्द बदलत नाही.

अडत्याच्या दुकानातून आलेला एक शब्द आम्हाला फार आवडतो, तो म्हणजे अक्कलखाते. आम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत मान घालून बसलो, म्हणून असेल. जे पैसे परत येणार नाहीत ते खतावणीत कुठे लिहायचे? अक्कलखाती! नुकसान झाले, पण शहाणपण मिळाले. नुकसानीतही माणूस हसून पुढे जातो, हा विनोदाचा चांगला गुण आहे. त्याचा वाईट गुण पुढे सांगतो.

मित्रहो, म्हण ऐकली की एक प्रश्न विचारावा. ही म्हण कुणाच्या तोंडची आहे? देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

"अंथरूण पाहून पाय पसरावे." म्हण शहाणपणाची आहे, आम्ही नाकारत नाही. पण ज्यांच्या वाट्याला अंथरूणच फाटके ठेवले गेले, त्यांना ही म्हण कोण ऐकवत होते? गावकीची कामे चोवीस तास आणि मोबदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन व बलुत्याची भाकर. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. स्वतःच्या आयुष्यात त्यांनी काय केले? लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला 1920 साली ते पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकलेली होती, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. अंथरुणाकडे पाहत बसले असते तर? पण ते कर्ज लग्नाच्या मांडवासाठी नव्हते, विद्येसाठी होते. आणि इकडे माता रमाईने अर्धपोटी संसार रेटला, ही त्या हिशेबाची दुसरी बाजू कधी विसरू नका.

म्हणून "ऋण काढून सण करू नये" ही म्हण मात्र आपण मनावर घ्यावी. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण जुने सण टाकले. पण ऋण टाकले का? लग्नाच्या पंगतीला कर्ज, जयंतीच्या डीजेला कर्ज, आणि पोराच्या फीला पैसे नाहीत! शिक्षणाला काढलेले कर्ज आणि मिरवायला काढलेले कर्ज यांत फरक आहे. म्हण तो फरक सांगत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

आता मुख्य शब्दाकडे येतो. तो शब्द दामदुप्पट.

दाम हा शब्द फार लांबून आला. ग्रीकांचे द्राख्म हे नाणे, त्याचे आपल्याकडे द्रम्म झाले आणि त्यातून दाम. अकबराच्या काळी चाळीस दामांचा एक रुपया होई. आज दामदुप्पट म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? "पैसे भरा, दुप्पट न्या." पण मुळात दामदुप्पट ही लालूच नव्हतीच, ती सावकाराला घातलेली वेसण होती. जुन्या हिंदू कायद्यातला तो नियम असा, की थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. शंभर दिले असतील तर व्याजासह फार तर दोनशे. त्यापुढे सावकाराचा हात थांबला पाहिजे. मुंबई इलाख्यातली न्यायालये हा नियम मानत. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यात आणि 2014 च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ते तत्त्व आहे.

नियम होता, तरी कुळे नागवलीच गेली, कारण लिहिणारा हात सावकाराचा आणि अंगठा कुळाचा. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. मग 1879 साली सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा केला. तो पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपल्या जिल्ह्याच्या मातीत कर्जाचा इतिहास असा मुरलेला आहे.

म्हणजे जो शब्द ऋणकोच्या रक्षणासाठी होता, तोच उलटा करून आज गरिबाच्या गळाला लावला जातो. शब्द तोच, बाजू पालटली. आणि हे आम्ही पुस्तकातून नाही, डोळ्यांनी पाहिले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एक उपासिका. मांडीवर सूप घेऊन रोज विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. मुलीच्या शिक्षणासाठी चाळीस हजार साठवले होते. ओळखीतलाच एक एजंट आला. "मावशी, बँकेत काय मिळतंय? आमच्याकडं दोन वर्षात दुप्पट." त्यांनी पैसे भरले. पहिले काही महिने थोडे थोडे पैसे हातातही आले. मग एक दिवस त्या कार्यालयाला कुलूप.

त्यानंतर काय झाले ते सांगायला आम्हाला आजही लाज वाटते. कट्ट्यावर विनोद सुरू झाले. "काय ताई, झाले का दुप्पट?" "आता बंगला कुठं बांधनार?" बोलणारे बोलले आणि आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही हसलो. त्या ताईंनी रविवारच्या वंदनेला येणे बंद केले.

दोन-तीन महिन्यांनी आम्ही घरच्यांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, पैशाचं दुःख गिळलं असतं. पन माज्या पोरीसमोर मला येडी ठरवलं, ते गिळत न्हाई." आणि पुढे त्यांनी जे सांगितले त्याने आमचे डोळे उघडले. "माजं हसं झालेलं बघून शेजारच्या दोघींनी तोंडच उघडलं न्हाई. त्यांनीबी भरलं हुतं. तक्रारीवर सही कराया कुनी आलं न्हाई."

मित्रहो, विनोदाचा वाईट गुण तो हा. फसवणारा पळून जातो आणि आपण फसलेल्याला हसतो. मग फसलेला लपतो, तक्रार होत नाही, आणि तोच एजंट दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या नावाची पाटी लावतो. आपले हसणे त्याला ढालीसारखे उपयोगी पडते. 1992 साली हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यानंतर देशभर विनोद झाले, पण ते निदान त्या दलालावर होते. गल्लीतला विनोद मात्र नेहमी गरिबावरच का होतो?

मग दुप्पट कधीच होत नाही का? होते, पण वेळ घेऊन. एक सोपा हिशेब मुलांनी पाठ करावा. 72 या आकड्याला व्याजाच्या दराने भागा, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. इटलीतल्या पाचोली नावाच्या गणित्याच्या 1494 च्या ग्रंथात हा हिशेब सापडतो. शेकडा आठ दराने नऊ वर्षे. 1988 साली किसान विकास पत्र निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट मिळत. 2023 साली दर साडेसात टक्के झाला, तेव्हा 115 महिने लागत. बहात्तर भागिले साडेसात, करून बघा, जुळते. आता दोन वर्षांत दुप्पट देणारा माणूस शेकडा छत्तीसच्याही वरचा दर कबूल करतो. सरकारला जे जमत नाही ते याला कसे जमते, एवढे एक वाक्य विचारले असते तर चाळीस हजार वाचले असते. पण आम्ही हिशेब जाणणारे, आम्ही तरी ते वेळेवर कुठे सांगितले?

जातककथांत चुल्लसेट्ठीची गोष्ट आहे. एका गरीब तरुणाने रस्त्यात पडलेला मेलेला उंदीर उचलला आणि एका मांजरासाठी विकला. मिळालेल्या क्षुल्लक नाण्याचा गूळ घेतला. रानातून दमून येणाऱ्या माळ्यांना गूळ आणि पाणी दिले, त्यांनी फुले दिली. असे करत करत तो मोठा व्यापारी झाला आणि ज्याच्या शब्दाने त्याला ही वाट दिसली, त्याच्याकडे कृतज्ञतेने धन घेऊन गेला. गुंतवणुकीची याहून जुनी गोष्ट आम्हाला माहीत नाही. यात एक बघा, प्रत्येक पायरीला त्याने कुणाची तरी गरज भागवली आहे. पैसा नुसता पडून दुप्पट झाला, अशी एकही पायरी या गोष्टीत नाही. म्हणून कुणी योजना घेऊन आला की विचारावे, बाबा रे, या मधल्या काळात माझ्या पैशाने कुणाची तहान भागणार आहे? उत्तर नसेल तर समजा, मागून येणाऱ्याचे पैसे पुढच्याला वाटले जात आहेत.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" ही म्हण तुरीच्या आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तूर अजून बाजारातच आहे आणि डाळ कशी शिजवायची यावर घरात भांडण! इंग्रजांतही अस्वल मारण्याआधी त्याचे कातडे विकू नये अशी म्हण आहे. हाती नसलेला माल विकणाऱ्या शेअर दलालाला त्यावरून लंडनच्या बाजारात अस्वल म्हणू लागले. माणसाची हाव सगळीकडे सारखी आणि तिला हसणेही सारखेच.

मग म्हणींचे काय करावे? कालाम लोकांना भगवंतांनी सांगितले ते करावे. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः तपासा. हितकारक असेल तर घ्या. "थेंबे थेंबे तळे साचे" तपासली तर खरी निघते. धम्मपदाच्या पापवग्गातही थेंबाथेंबाने भरणाऱ्या घड्याचा दाखला आहे. पण म्हण अर्धीच गोष्ट सांगते. व्यग्घपज्ज सुत्तात भगवंतांनी तळ्याचा दृष्टांत पुरा केला. तळ्याला पाणी आत येण्याच्या वाटा असतात तशा बाहेर जाण्याच्याही असतात. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या चार मोऱ्या उघड्या ठेवल्या तर तळे साचणार कसे? आजच्या काळात मोबाईलवरचा पैसे लावून खेळायचा खेळ हा जुगारच, हे पोरांनी ध्यानात घ्यावे.

थेंबे थेंबे तळे साचते याचा पुरावा याच कुंभारीच्या शिवारात उभा आहे. 2006 साली गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांना घरे मिळाली, 2024 च्या जानेवारीत रे नगरातली पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. सरकारचा हिस्सा होता, पण आपला वाटा कामगारांनी घामाच्या पैशातून भरला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे संघटनेने झगडा दिला. विड्या वळून घर झाले, ते लवकर झाले नाही आणि एकट्याने झाले नाही.

जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी. पैसे देताना पावती घ्या, आणि ती घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला द्या. बँक आणि पतसंस्था एक नव्हे. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. "आजच भरा, उद्या योजना बंद" म्हणणाऱ्याला उद्याच बोलवा. आणि सही करण्याआधी विहारात येऊन चार जणांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

ती उपासिका, आपण विचाराल, पुढे काय झाले? पैसे परत आले नाहीत. पण पुढच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले, तेव्हा एका संध्याकाळी त्या मागच्या रांगेत येऊन बसल्या. वाचन संपल्यावर आम्ही उभे राहून सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी मात्र शेजारच्या त्या दोघींना घेऊन आल्या. तिघींनी मिळून आपली हकिकत बायकांना सांगितली. त्यानंतर एजंट पुन्हा या गल्लीत आला, तेव्हा त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

आज विहाराच्या वर्धापनदिनी एवढेच मागणे. फसलेल्या माणसाला हसू नका, त्याला पहिल्या रांगेत बसवा. त्याच्या अक्कलखात्यातली शिल्लक सगळ्या वस्तीच्या कामाची असते. आणि हो, त्या तरुण कार्यकर्त्याची क्षमा मागून सांगतो, जाताना दानपेटीकडे बघायला हरकत नाही! हिशेब दरवर्षीप्रमाणे फळ्यावर लिहिलेला आहे, तो जरूर तपासा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत.